दात काढण्याची तयारी आणि कवळी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दात काढून कवळी बसवण्याविषयी वाचकांची पत्रे सातत्याने येत असतात. त्यांतली बरीचशी पत्रे दात काढून झाल्यानंतर लिहिलेली असतात, आणि त्यांत मांडलेल्या अडचणींपैकी कित्येकांचे मूळ दात काढण्यापूर्वी जे बोलणे व्हायला हवे होते ते न होण्यात असते. कवळी पुन्हा करता येते, काढलेला दात मात्र परत बसवता येत नाही. म्हणून ज्यांचे दात अजून तोंडात आहेत अशा वाचकांचे प्रश्न या वेळी आधी घेतले आहेत आणि त्यांना जागाही अधिक दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. वरच्या जबड्यातले उरलेले सर्व दात काढावे लागतील असे दंतवैद्यांनी सांगितले आहे. मला मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्त पातळ ठेवण्याची गोळीही चालू आहे. ओळखीच्या एका गृहस्थांनी ही गोळी आठवडाभर आधी बंद करायला सांगितले. तसे करावे का? आणखी कोणती तयारी करावी?

उत्तर : नाही. ती गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर किंवा रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असताना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्या अचानक थांबवल्या, तर रक्तवाहिनीत गुठळी होऊन ते जिवावर बेतू शकते. दाताच्या खड्ड्यातून होणारा रक्तस्राव मात्र गॉज दाबून, टाके घालून किंवा रक्त गोठवणारा स्पंज ठेवून जागच्या जागी थांबवता येतो. म्हणूनच ॲस्पिरिन साधारणपणे चालू ठेवूनच दात काढले जातात. वॉरफरिन चालू असेल तर दात काढण्याच्या अगदी आधी, शक्यतो २४ तासांच्या आत, रक्ताची आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारी) तपासणी करून घेतात, आणि ती ३.५ ते ४ च्या खाली असल्यास एका वेळी थोडेच दात काढण्यास बहुधा हरकत नसते. नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत कधी कधी त्या सकाळचा डोस मागेपुढे केला जातो. मात्र यांतला प्रत्येक निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी आणि दंतवैद्यांनी एकमेकांशी बोलून घ्यायचा असतो. ओळखीच्या माणसाचा सल्ला, तो कितीही आपुलकीने दिलेला असला, तरी येथे उपयोगाचा नाही.

पहिल्या भेटीला जाताना नुसती यादी नेण्यापेक्षा चालू औषधांची पाकिटेच पिशवीत घालून न्या. गोळीचे नाव आठवत नाही, एक पांढरी गोळी आहे एवढेच सांगितले जाते आणि नेमकी तीच महत्त्वाची निघते, असे अनेकदा घडते. रुग्ण हमखास सांगायला विसरतात ती औषधे हाडांच्या ठिसूळपणावरची असतात, कारण त्यांतली काही आठवड्यातून एकदा घ्यायची असतात, तर काहींचे इंजेक्शन सहा महिन्यांनी किंवा वर्षातून एकदा असते आणि ते रोजच्या औषधांत धरलेच जात नाही. अलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही त्यांतली नावे. ही औषधे घेणाऱ्यांमध्ये दात काढल्यानंतर जबड्याचे हाड भरून न येता उघडे पडून मृत होऊ शकते, हे २००३ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिल्या जाणाऱ्या मात्रेत हा धोका कमी असतो, पण कर्करोगात दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत तो बराच वाढतो. अलेंड्रोनेट आणि झोलेड्रॉनिक ॲसिड हाडात वर्षानुवर्षे राहतात, तेव्हा ते पूर्वी घेऊन आता थांबवले असले तरी सांगा. ही औषधेही स्वतः बंद करायची नाहीत. डेनोसुमॅबचे इंजेक्शन चुकवले तर मणक्याचे हाड मोडण्याची शक्यता वाढते.

याचप्रमाणे हृदयाची झडप बदललेली असेल, हृदयाच्या आतल्या अस्तराला पूर्वी जंतुसंसर्ग झालेला असेल, किंवा चेहऱ्यावर अथवा मानेवर किरणोपचार झालेले असतील, तर ते आपणहून सांगा. पहिल्या दोन बाबतींत दात काढण्याच्या अर्धा ते एक तास आधी प्रतिजैविक द्यावे लागते. किरणोपचारानंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो, म्हणून जे दात पुढे काढावे लागणारच आहेत ते किरणोपचार सुरू होण्यापूर्वी दोन ते तीन आठवडे काढून घेणे केव्हाही चांगले.

मधुमेहासाठी सकाळची वेळ मागून घ्या. फक्त दाताच्या जागेपुरती भूल देऊन दात काढायचे असतील तर उपाशी जायचे नसते. नेहमीसारखे खाऊन, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊनच जा. रिकाम्या पोटी खुर्चीत बसलेल्या मधुमेही माणसाची साखर एकदम उतरते आणि घाम, थरथर सुरू झाली की ती भीतीमुळे आहे असा सर्वांचाच समज होतो. पूर्ण भूल किंवा शिरेतून गुंगीचे औषध देणार असतील तर मात्र उपाशी राहण्याच्या सूचना वेगळ्या असतात आणि त्या तंतोतंत पाळाव्या लागतात. रक्तदाबाची गोळी त्या सकाळीही घ्या. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक भरला, तर तातडीचे कारण नसल्यास दंतवैद्य दात काढणे पुढे ढकलतील. त्याबद्दल नाराज होऊ नका.

आणखी एक तयारी मी प्रत्येकाला सुचवतो. दात काढण्यापूर्वी त्यांचे माप घेऊन प्लास्टरचा साचा करून ठेवायला सांगा, आणि हसताना दात दिसतील असे समोरून व बाजूने काढलेले चांगले फोटो जपून ठेवा. पटाशीच्या दातांची रुंदी, त्यांच्यातली फट, एखाद्या दाताची किंचित तिरकी ठेवण हे सारे दात निघाल्यावर कोणालाच आठवत नाही. मग कवळीतले दात निवडताना अंदाजावर भागवावे लागते आणि माणूस आरशात स्वतःला अनोळखी वाटू लागतो.

प्रश्न : माझ्या खालच्या जबड्यात पाच दात उरले आहेत. त्यांतले दोन सुळे बऱ्यापैकी घट्ट आहेत. एका दंतवैद्यांनी सगळे दात काढून पूर्ण कवळी करावी असे सांगितले. दुसऱ्यांच्या मते सुळ्यांची मुळे ठेवून वरून कवळी बसवावी. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तोंड प्रत्यक्ष न पाहता निकाल देणे योग्य होणार नाही, पण दुसऱ्या सल्ल्याचा पूर्ण विचार झाल्याखेरीज सुळे काढू देऊ नका, एवढे मी निश्चित सांगेन.

जबड्याच्या हाडाचा जो कंगोरा दातांना धरून ठेवतो तो दातांसाठीच तयार झालेला असतो. दात गेला की तो झिजू लागतो. पहिले सहा महिने ते एक वर्ष ही झीज सर्वांत वेगाने होते आणि नंतर ती मंदावते, पण थांबत नाही. ॲन्टे टालग्रेन या संशोधिकेने पूर्ण कवळी वापरणाऱ्या माणसांची २५ वर्षांपर्यंतची निरीक्षणे १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाच्या उंचीतली घट वरच्याच्या सुमारे चौपट असल्याचे आढळले. कवळी टेकायला जो कंगोरा हवा तोच असा वितळत जातो, आणि पंधरा-वीस वर्षांनंतर काहींच्या खालच्या जबड्यावर कंगोऱ्याच्या जागी सपाट, कधी खोलगट पट्टीच उरते. तिच्यावर कोणीही, कितीही कौशल्याने केलेली कवळी स्थिर राहत नाही.

दाताचे मूळ हाडात राहिले तर त्याच्या भोवतालचे हाडही बऱ्याच प्रमाणात टिकते. क्रम आणि रूनी यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुळ्यांची मुळे ठेवून त्यांवर कवळी दिलेल्या रुग्णांच्या खालच्या जबड्याचे पुढचे हाड पाच वर्षांत सरासरी ०.६ मिलिमीटर कमी झाले, तर सर्व दात काढून कवळी दिलेल्यांचे ५.२ मिलिमीटर. शिवाय मुळाभोवतीच्या तंतूंमुळे चावताना किती दाब पडतो आहे याची जाणीव काही प्रमाणात शिल्लक राहते, आणि ज्यांना सर्व दात जाण्याचे मनातून फार दुःख वाटते त्यांनाही आपले काही तरी उरले आहे याचा आधार मिळतो. तो आधार मी क्षुल्लक मानत नाही.

यासाठी त्या दातांचे रूट कॅनाल करतात, दात हिरडीच्या जरा वर घुमटासारखा गोल राहील इतका कापतात आणि त्यावरून पूर्ण कवळी बसते. बाहेरून पाहणाऱ्याला ती नेहमीची कवळीच वाटते. अट एकच आणि ती कडक आहे. ही मुळे रोज कवळी काढून ब्रशने स्वच्छ करावी लागतात व फ्लोराइड लावावे लागते, कारण कवळीखाली झाकलेल्या मुळाला कीड फार लवकर लागते. ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांना हे रोज जमणार नाही, ज्यांच्या सुळ्याभोवतीचे हाड अर्ध्याहून अधिक गेले आहे, ज्यांचे दात हलतात किंवा मुळाशी वारंवार पू होतो, त्यांच्यासाठी पहिल्या दंतवैद्यांचा सल्ला बरोबर ठरू शकतो. तेव्हा दोघांनाही एकच प्रश्न विचारा : या दोन सुळ्यांना एक्स-रेमध्ये किती हाड शिल्लक दिसते आहे? त्या उत्तरातून बराच उलगडा होईल. काही वर्षांनी मूळ गेलेच, तरी त्याच कवळीत ती जागा भरून घेता येते. मधल्या वर्षांत टिकलेले हाड हा निव्वळ लाभ असतो.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. वरचे सर्व दात काढायचे आहेत. जखमा भरेपर्यंत दोन-तीन महिने बिनदातांचे राहून वर्गात बोलणे मला शक्य नाही. दात काढल्याच्या दिवशीच कवळी बसवता येते असे ऐकले आहे. ती कितपत समाधानकारक असते?

उत्तर : तुमच्यासारख्या व्यवसायात ती बहुधा योग्य निवड ठरते, पण ती तात्पुरती आहे हे आधी मनाशी पक्के केले पाहिजे. सोय म्हणून ती घ्यावी. अखेरची कवळी म्हणून तिच्याकडे पाहिले की निराशा होते.

तिचा क्रम असा असतो. आधी वरच्या दाढा काढतात आणि त्या जागा भरण्यासाठी सुमारे सहा ते आठ आठवडे देतात. या काळात पुढचे दात तोंडात असल्यामुळे बोलणे आणि दिसणे फारसे बिघडत नाही. मग माप घेतात, तंत्रज्ञ प्लास्टरच्या साच्यावरचे पुढचे दात कापून त्या जागी कृत्रिम दात बसवतो आणि कवळी तयार करतो. ठरलेल्या दिवशी पुढचे दात काढून ती लगेच बसवली जाते. या कवळीतले पुढचे दात तोंडात आधी लावून पाहता येत नाहीत. ते कसे दिसतील हे तुम्हाला त्याच दिवशी कळते, आणि दंतवैद्याने हे आधीच स्पष्ट सांगायला हवे.

पहिले २४ तास ही कवळी काढायची नाही. ती जखमेवर पट्टीसारखा दाब देत असते, आणि काढून ठेवली तर सुजलेल्या हिरडीवर पुन्हा बसत नाही. ती पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी दंतवैद्यच काढतील, टोचणाऱ्या जागा घासून देतील, आणि त्यानंतर दर जेवणानंतर काढून धुवायला सांगतील. पहिले काही दिवस, सूज उतरेपर्यंत, ती रात्रीही घालून ठेवावी लागते.

पुढच्या आठवड्यांत हिरडी आणि हाड आकसत जातात आणि घट्ट बसलेली कवळी सैल होते. यात कोणाची चूक नसते. आतून मऊ अस्तर लावून ती वेळोवेळी नीट बसवून घ्यावी लागते, आणि सहा महिने ते वर्षभरात एक तर कायमचे अस्तर द्यावे लागते किंवा नवी कवळी करावी लागते. दुसऱ्या कवळीचा आणि मधल्या अस्तरांचा खर्च पहिल्या खर्चात धरला आहे की वेगळा, हे सुरुवातीलाच विचारून घ्या. दात काढण्याची तारीख शक्यतो मोठ्या सुट्टीच्या आरंभी ठेवा आणि घरी एकट्याने मोठ्याने वाचनाचा सराव करा. वरचे पुढचे दात खालच्या ओठाला टेकून होणारे 'फ' आणि 'व', तसेच 'स' आणि 'च' ही अक्षरे आधी अडखळतात. जीभ नव्या जागेला सरावली की बहुतेकांचे बोलणे काही आठवड्यांत पूर्वपदावर येते.

प्रश्न : वरचे दात काढल्याने नजर कमी होते का?

उत्तर : होत नाही. दातांना संवेदना पुरवणारी मज्जातंतूची शाखा वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. दात काढताना दृष्टीच्या नसेला धक्का लागत नाही. ज्या वयात दात काढावे लागतात त्याच वयात मोतीबिंदूही होतो, म्हणून दोन्हींची सांगड घातली गेली. या भीतीने पू होणारा दात मात्र वर्षानुवर्षे ठेवू नका, कारण सडक्या दाताचा जंतुसंसर्ग पसरून चेहऱ्यावर आणि मानेत सूज येऊ शकते. दात काढल्यानंतर किंवा आधी गिळणे अथवा श्वास घेणे कठीण झाले, तर थेट रुग्णालय गाठावे.

प्रश्न : दाढ काढल्यावर दोन दिवस बरे होते. तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारा ठणका सुरू झाला, तोंडाला वासही येतो. वेदनाशामक गोळीने थांबत नाही. हे काय असावे? पुढच्या महिन्यात आणखी चार दात काढायचे आहेत, ते कसे टाळता येईल?

उत्तर : तुम्ही वर्णन केलेली लक्षणे कोरड्या खड्ड्याची आहेत. दात निघालेल्या जागी रक्ताची गुठळी होते आणि तिच्या आधारानेच जखम भरते. ती लवकर विरघळली किंवा निघून गेली की खालचे हाड उघडे पडते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी हा ठणका सुरू होतो. आजच दंतवैद्यांकडे जा. ते खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवतील आणि बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो. ताप किंवा पू नसेल तर केवळ यासाठी प्रतिजैविकाची गरज सहसा लागत नाही, तेव्हा दुकानातून स्वतःच गोळ्या आणून घेऊ नका.

पुढच्या वेळी पहिले २४ तास त्या गुठळीला धक्का लागू न देणे हेच मुख्य काम समजा. गॉज अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरा आणि मधे मधे काढून पाहू नका. त्या दिवशी चूळ भरू नका, थुंकू नका, नळीने काही ओढून पिऊ नका. तोंडात आलेली लाळ गिळा. लाळेत दिवसभर रक्ताची छटा दिसणे स्वाभाविक आहे, पण तोंड ताज्या रक्ताने भरू लागले तर स्वच्छ गॉजची घडी खड्ड्यावर ठेवून पुन्हा अर्धा तास न सोडता चावा, आणि तरीही थांबले नाही तर दंतवैद्यांना गाठा. भूल दोन-तीन तास टिकते. तोवर गरम काही पिऊ नका आणि ओठ-गाल चावला जात नाही ना याकडे लक्ष ठेवा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, जोर न लावता, पाणी तोंडात नुसते हलवून सोडून द्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरते.

तुम्ही धूम्रपान करता की नाही हे पत्रात लिहिलेले नाही. करत असाल तर कोरड्या खड्ड्याचे ते एक मोठे कारण आहे, आणि दात काढण्यापूर्वी काही दिवस व नंतर निदान आठवडाभर ते थांबवल्यास तुम्हाला याहून चांगली मदत दुसऱ्या कोणत्याही औषधाने होणार नाही.

प्रश्न : कवळीसाठी मला पाच वेळा बोलावले आहे. एवढ्या खेपा खरोखर लागतात का? 'ट्रायल'च्या दिवशी मी नेमके काय पाहायचे?

उत्तर : लागतात. पहिल्या भेटीत ढोबळ माप, दुसरीत तुमच्या जबड्यासाठी खास केलेल्या ट्रेने बारीक माप, तिसरीत मेणाच्या कड्यांवर दोन्ही जबड्यांमधले अंतर आणि चावण्याची ठेवण, चौथीत मेणात लावलेल्या दातांची ट्रायल, आणि पाचवीत तयार कवळी. यांतली एखादी भेट वाचवली की तिची किंमत पुढे तुमची हिरडी मोजते. बारीक मापाच्या वेळी दंतवैद्य गाल आणि ओठ हलवून पाहतात, जीभ बाहेर काढायला सांगतात. कवळीची कड स्नायूंच्या आड न येता किती खोल जाऊ शकते हे त्यातून ठरते. त्या वेळी संकोच न करता जीभ पूर्ण बाहेर काढा.

ट्रायलचा दिवस हा बदल सुचवण्याचा शेवटचा दिवस आहे, कारण मेणातला दात हलवायला काही क्षण लागतात आणि तोच ॲक्रिलिकमध्ये, म्हणजे कवळीच्या कडक प्लास्टिकमध्ये, पक्का झाला की जवळजवळ अशक्य होते. त्या दिवशी घाई असेल तर तारीख बदला, आणि तुमचा चेहरा रोज पाहणाऱ्या माणसाला सोबत न्या. खुर्चीत रेलून हातातल्या छोट्या आरशात पाहण्याऐवजी उभे राहून भिंतीवरच्या आरशात, शक्य झाल्यास खिडकीच्या उजेडात पाहा. वरच्या मधल्या दोन दातांमधली रेघ नाकाच्या मध्याशी जुळते का, ओठ सैल सोडल्यावर दाताची कड थोडीशी दिसते का, हसताना गुलाबी भाग फार दिसतो का, हे तपासा. मग साठपासून सत्तरपर्यंत आकडे मोठ्याने म्हणा. 'स' म्हणताना वरचे आणि खालचे दात एकमेकांवर आपटत असतील तर जबड्यांमधले अंतर जास्त धरले गेले आहे, आणि ते तसेच राहिले तर दिवसअखेर जबडा दुखेल. उलट तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे गेल्यासारखी आणि ओठांचे कोपरे दुमडल्यासारखे वाटले तर अंतर कमी आहे. अशा दुमडलेल्या कोपऱ्यांत लाळ साचून पुढे चिरा पडतात. जुने फोटो याच वेळी शेजारी धरा. दात अगदी पांढरे आणि एका ओळीत हवेत असा अनेकांचा आग्रह असतो. माझे मत विचाराल तर वयाला आणि त्वचेच्या रंगाला शोभणारी किंचित पिवळसर छटा आणि थोडी अनियमित ठेवण अधिक खरी दिसते.

प्रश्न : वरची कवळी उत्तम बसते, पण खालची बोलताना उचलली जाते आणि एका जागी टोचते. तीन महिने झाले. कवळी चिकटवण्याची पेस्ट वापरून काम भागवतो आहे. खालची कवळी चुकीची झाली आहे का?

उत्तर : चुकली असेलच असे नाही. वरची कवळी टाळू झाकते, तिच्याखाली लाळेचा पातळ थर पसरतो आणि कडेने हवा आत जात नाही, म्हणून ती चिकटून राहते. खालच्या कवळीला मधोमध जिभेची जागा सोडावी लागते. तिला टेकायला वरच्याच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास जागा मिळते, आणि बोलताना जीभ, गाल व ओठ तिला सतत ढकलत असतात. खालची कवळी चिकटण्यापेक्षा सांभाळली जाते. जिभेचे टोक खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला टेकवून ठेवण्याची सवय केली, घास छोटा घेतला, तो दोन्ही बाजूंना वाटून चावला आणि पुढच्या दातांनी तोडून खाणे टाळले, तर पुष्कळ फरक पडतो. पूर्ण कवळीची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या पाव हिश्श्याच्या आसपास असते, तेव्हा पूर्वीच्या वेगाने जेवण्याची अपेक्षा ठेवू नका.

टोचणे मात्र सहन करत राहू नये. दंतवैद्यांकडे जाण्यापूर्वी निदान काही तास कवळी घालून ठेवा, म्हणजे हिरडीवर लाल खूण दिसते आणि नेमकी तीच जागा घासता येते. पुष्कळ रुग्ण दुखते म्हणून कवळी दोन दिवस खिशात ठेवून येतात. तोवर खूण नाहीशी झालेली असते आणि अंदाजाने घासावे लागते. कवळी घरी कानशीने घासू नका.

पेस्टबद्दल सांगायचे तर वाटाण्याएवढे दोन-तीन ठिपके पुरतात. तीन महिन्यांतच ती भरपूर लागत असेल, तर बसणीत दोष आहे असे समजून तपासून घ्या. पेस्टमध्ये जस्त आहे का तेही पाहा. जस्त असलेली पेस्ट वर्षानुवर्षे फार प्रमाणात वापरल्याने शरीरातले तांबे कमी होऊन हातापायांच्या नसांवर परिणाम झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत.

एवढे करूनही समाधान झाले नाही, तर खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रूसारखे खुंट) बसवून त्यांवर कवळी अडकवण्याचा विचार करा. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असे मत मांडले होते. खर्च आणि शस्त्रक्रिया परवडणार असेल तर मीही तेच सुचवेन. मधुमेह आटोक्यात असेल तर केवळ वय जास्त आहे म्हणून त्याला नकार देण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझे वडील ८६ वर्षांचे आहेत. ते कवळी रात्रीही काढत नाहीत आणि काढायला सांगितले की रागावतात. त्यांना विसरही पडू लागला आहे. आम्ही काय काळजी घ्यावी?

उत्तर : रात्री कवळी काढलेली बरी, आणि त्यामागे केवळ स्वच्छतेचा आग्रह नाही. सतत झाकलेल्या हिरडीवर बुरशी वाढून टाळू लालभडक होते, आणि झोपेत तोंडातले जंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाण्याची शक्यता वाढते. जपानमध्ये ८५ वर्षांवरील वृद्धांच्या पाहणीत, जी माणसे कवळी घालून झोपत होती त्यांना न्यूमोनिया होण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

रागावण्याचे कारण बहुधा लाजेत असते. बिनदातांचा चेहरा घरच्यांना दिसू नये असे त्यांना वाटत असेल, तर दिवा मालवल्यावर, खोलीत दुसरे कोणी नसताना, त्यांनी स्वतः कवळी काढून डबीत ठेवावी अशी व्यवस्था करा. रात्री जमतच नसेल तर दिवसा काही तास हिरडीला मोकळीक मिळू द्या, आणि झोपण्यापूर्वी कवळी काढून घासून, हिरड्या, टाळू आणि जीभ ओल्या मऊ कापडाने पुसून मग ती पुन्हा घाला. कवळी मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने घासावी. टूथपेस्टने चरे पडतात आणि त्यांत मळ साठतो. उकळते पाणी वापरू नका, ॲक्रिलिक वाकते. काढलेली कवळी पाण्यात बुडवून ठेवा आणि धुताना खाली बादलीत पाणी किंवा जाड कापड असू द्या, कारण बहुतेक कवळ्या धुतानाच हातातून निसटून तुटतात.

विसर पडू लागला आहे, म्हणून दंतवैद्यांना सांगून कवळीच्या आतल्या बाजूला त्यांचे नाव घालून घ्या. रुग्णालयात जेवणाच्या ताटाबरोबर किंवा उशीच्या अभ्र्याबरोबर कवळ्या गहाळ होतात, आणि या वयात नव्या कवळीची सवय होणे फार कठीण असते. दात नसले तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्या. कवळीच्या कडेला झालेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कवळी घासून दिल्यानंतरही दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तो कवळीमुळेच आहे असे गृहीत न धरता त्याची लगेच तपासणी करून घ्यावी.